एकही कार्ड कोरं न ठेवणारे कुतुबभाई

आमच्या ऑफिसात एक फळा होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी डॉक्टर इंगवले त्यावर चार नावं लिहायचे आणि प्रत्येक नावापुढं एक आकडा. हा आकडा आदल्या महिन्यात कोऱ्या आलेल्या कार्डांचा. गुंडू खोतांपुढं कधी सात, कधी अकरा. दुसऱ्या दोघांपुढं तीन-चार. आणि कुतुबुद्दीन आत्तारांपुढं शून्य. सन पंच्याहत्तरच्या एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत ते शून्य काही हललं नाही. शेवटी शेवटी डॉक्टर ते जरा मोठंच काढायला लागले होते. माझा त्या शून्यावर डोळा होता, हे आधीच सांगून टाकते. मला शून्याचा संशय येतो. माझं शिक्षणच तसलं.

मी पद्मावती चौगुले, कुरुंदवाडची. संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि लग्न जमेपर्यंत म्हणून शाहूपुरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात नोकरीला लागले. लग्न जमलं नाही, नोकरी टिकली. दवाखाना छातीच्या विकारांचा. तिथं क्षयाच्या दोन औषधांची तुलना चालली होती. दोनशे बारा रुग्ण. निम्म्यांना जुनी पद्धत, म्हणजे इंजेक्शनं आणि मूठभर गोळ्या. निम्म्यांना रोज एकच पिवळी गोळी. इंजेक्शनासाठी खेड्यातल्या माणसाला दवाखान्यापर्यंत पायपीट करावी लागायची. पिवळी गोळी घरबसल्या घेता यायची. ती पास झाली असती तर पुढं सगळ्यांनाच द्यावी अशी शिफारस करायची, असं डॉक्टरांच्या मनात होतं.

जंतू मेले की नाही ते थुंकीच्या तपासणीत कळतं. पण माणूस कसा आहे, हे थुंकीत दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी एक कार्ड छापून घेतलं होतं. त्याला सगळे हालहवाल कार्ड म्हणायचे. दहा प्रश्न. भूक लागते का, झोप येते का, चक्कर येते का, पाण्याची घागर उचलता येते का, घरचं काम होतं का, मूल सांभाळता येतं का, असे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीसपैकी. जितके गुण जास्त तितका माणूस बरा. कल्पना चांगली होती. त्या काळात असं विचारायला कुणाला सुचत नव्हतं, ते डॉक्टरांना सुचलं, याचं श्रेय मी त्यांना अजून देते. दर महिन्याला आमचे चार गृहभेटवाले घरोघर जाऊन गोळ्यांची बाटली देत, थुंकीची बाटली घेत आणि कार्ड भरून आणत. मी आकडे मांडायची.

कुतुबभाईंचा टापू गगनबावड्याच्या रस्त्यावरचा. वय तेव्हा पन्नाशीला आलेलं. अंगात पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, हँडलला दोन पिशव्या लटकवलेली सायकल. त्यांचे वडील बाबालाल आत्तार त्याच रस्त्यावरच्या गावांतून पाठीवर गाठोडं घेऊन कुंकू, पोत, सुया, फण्या, काळे मणी विकत फिरायचे. पोरवयात कुतुबभाईही त्यांच्या मागं फिरलेले. त्यामुळं कुठल्या घराचं दार कुठं उघडतं, कुठलं कुत्रं भुंकतं आणि कुठलं चावतं, हे त्यांना पाठ होतं. बाकीच्या तिघांना बायका दारातून परत पाठवत. कुतुबभाईंना गुळाचा खडा आणि पाणी मिळायचं. "बाबालालचा कुतूब आलाय," एवढ्यावर काम व्हायचं. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना मुख्य भेटवाले करायचं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. कुतुबभाईंनी ते घरी बायकोला, चाँदबींना सांगितलं होतं आणि चाँदबींनी गल्लीत सांगितलं होतं.

आता कोऱ्या कार्डाचं काय करायचं, हा माझा आणि डॉक्टरांचा वाद. गुंडू खोत वारणानगरच्या बाजूला फिरायचे. माणूस घरी भेटलं नाही की ते सरळ 'घरी नाही' लिहून टाकायचे. तरुण बायकांच्या कार्डांवर बहुतेक वेळा 'माहेरी गेली' असायचं. डॉक्टरांचा हुकूम असा, की कार्ड कोरं असेल तर मागच्या महिन्याचा आकडा पुढं ओढायचा. ऑगस्टमध्ये बाईचे बावीस होते ना, मग सप्टेंबरमध्येही बावीस. मी पेन्सिलीनं तसं लिहायची आणि मनातल्या मनात चिडायची. घड्याळ बंद पडलं तर त्यात दिसतात तेच वाजलेत असं कुणी म्हणत नाही. इथं आम्ही तेच करत होतो.

नोव्हेंबरात मी गुंडू खोतांची सगळी कोरी कार्डं वेगळी काढली. नऊ महिन्यांच्या हिशेबाला तेव्हा एकच महिना बाकी होता. एकसष्ट कार्डं होती, त्यातली बेचाळीस पिवळ्या गोळीवाल्यांची. हा योगायोग नव्हे. मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, पिवळ्या गोळीवालीच माणसं जास्त गळताहेत. ती बरी असतील म्हणून गळताहेत की आजारी आहेत म्हणून, ते आपल्याला माहीत नाही."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "खोतांचा आळस आहे तो. आत्तारांची कार्डं बघा. एक कोरं नाही आणि त्यात पिवळ्या गोळीच्या बायका चोवीस-पंचवीसच्या खाली नाहीत. भरलेलं कार्ड सोडून तुम्ही कोऱ्या कार्डाचं ऐकता?"

कुतुबभाईंच्या शून्यानं माझं तोंड बंद केलं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डिसेंबरची कार्डं माझ्या टेबलावर आली. त्यात एक कार्ड बायडाबाईचं. वय बावीस, नवऱ्याचं नाव केरबा, पिवळी गोळी. बेरीज सव्वीस. मला आकडे लक्षात राहतात, तो एक रोगच आहे. मी मागची कार्डं काढली. ऑगस्ट सव्वीस, सप्टेंबर सव्वीस, ऑक्टोबर, नोव्हेंबर, सगळीकडं सव्वीस. नुसती बेरीजच नाही, दहाच्या दहा उत्तरं तीच. जिवंत माणूस असं नसतं. धडधाकट माणसालाही एखाद्या महिन्यात झोप कमी लागते.

कुतुबभाई बाटल्या मोजत होते. मी कार्डं त्यांच्यापुढं टाकली. "कुतुबभाई, ही बाई माणूस आहे की कॅलेंडरवरचं चित्र? का घरी बसून भरता कार्डं?"

बोलले आणि लगेच वाटलं, जरा जास्तच झालं. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, बाबालाल आत्ताराचा पोरगा हाय मी. घरात बसून आमी एक सुई इकली न्हाय कधी. दर म्हैन्याला त्या घरात जातोय. उद्या चला माझ्यासंगं, तुमच्या डोळ्यांनी बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही गेलो. गाव गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळ्याच्या पुढं. घर चांगलं नांदतं, दारात दोन म्हशी, सोप्यात उसाची पेरं रचलेली. कुतुबभाई पायरीवर टेकले, नजर खाली. "मावशी, हाय का घरात?"

तानाबाई बाहेर आल्या. बायडाबाईची सासू. कडेवर वर्षाचं एक गुटगुटीत पोरगं. गूळपाणी झालं, ऊस कधी जाणार ते झालं, मग कुतुबभाईंनी पेन्सील काढली.

"पोरीचं कसं हाय, मावशी? भूक लागतीया?"

"लागतीया की."

"झोप?"

"लागतीया."

"चक्कर-बिक्कर?"

"न्हाय बाबा."

"घागर उचलतीया?"

"व्हय, उचलतीया की."

मी बघत राहिले. प्रश्न सगळे विचारले जात होते, एकही गाळला जात नव्हता. उत्तरंही मिळत होती. फक्त ती दुसऱ्याच माणसाची होती. आणि कुतुबभाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आत्तार दारात आला की थोरल्या बाईशी बोलतो. सुनेला कुठली पोत हवी ते सासू सांगते. सुनेकडं मान वर करून बघायचं नाही, तिच्याशी परस्पर बोलायचं नाही. याच अदबीवर बाबालाल आत्तारांना चाळीस वर्षं घरोघर पायरी मिळाली होती. त्याच अदबीनं कुतुबभाई कार्ड भरत होते.

मी मध्येच विचारलं, "सून कुठं आहे?"

तानाबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, एकदा कुतुबभाईंकडं. "माहेरला गेलीया."

"कधी?"

"पंचमीला."

कुतुबभाईंनी मान वर केली. "पंचमीला गेल्याली ठावं हाय मला, तुमीच सांगितलंतं. परत कवा आली?"

"आली कुठं?"

पंचमी श्रावणात. आता पौष लागला होता. पाच महिने ज्या बाईची भूक, झोप, घागर लिहिली जात होती, ती त्या घरातच नव्हती.

तानाबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी जे झालं ते सांगितलं. आषाढात बायडाबाई पोराला घेऊन परड्यात जाताना चक्कर येऊन पडली. पोर दगडावर आपटता आपटता वाचलं. दुसऱ्यांदा चुलीपाशी पडली. मग पंचमीचं निमित्त झालं आणि तिला माहेरी पाठवली. चक्कर जाईपर्यंत तिकडंच राहू दे, आई करील तिचं. पोर मात्र इथं ठेवून घेतलं. केरबा दर महिन्याला गोळ्यांची बाटली पोचवायचा आणि थुंकीची बाटली घेऊन यायचा.

"मग मला चक्कर न्हाय म्हणून का सांगितलंसा, मावशी?"

"बाहीरच्या माणसाला घरातलं कसं सांगायचं? आणि आजार वाढलाय म्हटल्यावर तुमी औशीद बंद केलं तर? फुकटचं औशीद हाय, बाबा."

कुतुबभाईंनी पेन्सील खिशात ठेवली आणि उठले. "बाई, माहेर बावड्याच्या अलीकडं हाय. अकराची गाडी मिळंल."

गाडीतून उतरून दोन मैल चालत त्या वाडीवर पोचलो, तेव्हा दुपार झाली होती. बायडाबाई अंगणात भिंतीला पाठ लावून बसली होती. आम्हाला बघून उठायला गेली, भिंत धरली आणि परत बसली. तिची आई चिमणाबाई लगबगीनं बाहेर आली आणि सांगायला लागली, "बरी हाय आता, जेवतीया—"

मी म्हटलं, "थांबा मावशी. तिला बोलू द्या." कुतुबभाई आपणहून कुडाच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

मी एकेक प्रश्न विचारला. पहिल्या दोन प्रश्नांना तिनं आईकडं बघितलं. मग बघायची थांबली. भूक नाही. खाल्लेलं टिकत नाही. घागर सोडा, तांब्या भरून आणताना मध्ये बसावं लागतं. "ती पिवळी गोळी घेतली की घर फिरतंय," ती म्हणाली. "दुपारपतूर असं धरून बसायचं. सांजंला जरा बरं वाटतंय, की दुसऱ्या दिवशी परत गोळी."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? मला कोण इचारलं?"

ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. खरोखरच कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तसं सांगितलं. कुडापलीकडं कुतुबभाईंना ते ऐकू गेलं असणार, कारण कूड कसला तो, काटक्याच होत्या.

बेरीज आठ झाली. कार्ड मिटत होते तेव्हा तिनं विचारलं, "तुमी घरला गेलतासा न्हवं? माझं पोरगं बघितलंसा? उभं ऱ्हातंय?" दिवाळीत केरबानं तासाभरासाठी आणलं होतं, त्यानंतर तिनं त्याला पाहिलं नव्हतं. मी सांगितलं, छान आहे, गुटगुटीत आहे. तिनं मान हलवली. त्यावेळी मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण मला राग आला. कारण तिची थुंकी सप्टेंबरपासून स्वच्छ होती. माझ्याच वहीत तसं लिहिलेलं होतं. तिच्यापासून पोराला आता काही धोका नव्हता. तिला पोरापासून लांब ठेवत होती ती फक्त चक्कर, आणि चक्कर आमच्या गोळीची होती.

परतीच्या गाडीत कुतुबभाई खिडकीकडं तोंड करून बसले. रंकाळा दिसायला लागला तेव्हा म्हणाले, "बाई, आता साहेब तिची गोळी बदलतील न्हवं?"

"नाही बदलणार," मी म्हटलं. "नियम आहे. कार्ड एकदम घसरलं तर महिनाभर थांबायचं. साधा ताप असू शकतो. पुढच्या कार्डातही तसंच दिसलं तर मग बदलायचं. डिसेंबरमध्ये तुमचे सव्वीस आहेत."

"म्हंजी माझ्या सव्वीसामुळं पोरगी अजून म्हैनाभर तितंच."

"मागचं कार्ड कोरं आणि नवं एवढं घसरलेलं असतं तर साहेबांना तिला लगेच बोलावून तपासावं लागलं असतं. तसाही नियम आहे. पुढं ओढलेला आकडा फक्त अहवालापुरता, औषधासाठी तो धरत नाहीत."

मी एवढंच सांगितलं. पुढचं त्यांचं त्यांना समजत होतं. डिसेंबरचं कार्ड तिचं नव्हतं असं लिहून दिलं, की डॉक्टर विचारणार, बाकीची कुणाची आहेत? आणि कुतुबभाईंना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी आयुष्यात एक खोटं कार्ड मुद्दाम लिहिलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. एक कार्ड रद्द करायचं म्हणजे शून्य जाणार आणि एप्रिलमधली बढती जाणार. डॉक्टरांची चाचणीही अडचणीत येणार.

त्यानंतर ते चार दिवस ऑफिसला आले नाहीत. सायकलवरून आपल्या सगळ्या घरी परत गेले. कार्ड न काढता, नुसतं विचारायला, की ह्या म्हैन्यात बोलली ती तू का तुझी सासू? घरोघर बायका हसल्या म्हणे, आत्ताराला काय झालंय.

शनिवारी बैठक भरली. डॉक्टरांनी फळा पुसला आणि नावं लिहिली. चौथ्या नावापुढं त्यांनी सवयीनं शून्य काढलं. कुतुबभाई उठून उभे राहिले. खिशातून घडी केलेला कागद काढला.

"साहेब, त्ये शून्य न्हाय."

"मग किती?"

"सत्त्याण्णव."

गुंडू खोत हसले. त्यांना वाटलं चेष्टा आहे. कुतुबभाईंनी कागद वाचून दाखवला. चौदा सुनांची कार्डं, एप्रिलपासूनची; त्यातल्या काही जणी नंतर दाखल झालेल्या. ज्यांना त्यांनी कधी समोर बसवून विचारलंच नव्हतं अशा. "ह्यातलं एक बी उत्तर त्या बायकांचं न्हाय. सासवांचं हाय. मला वाटलं, घरातली थोरली सांगतीया म्हंजी खरंच. मी लिवत गेलो."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आत्तार, तुमच्या ह्या कार्डांवर मी अर्धा अहवाल उभा केलाय. नऊ महिन्यांचं काम तुम्ही मातीत घालताय, कळतंय ना? हे तुम्ही बोलला नसता तर कुणाला कळलं नसतं."

"व्हय, साहेब. त्या केरबाच्या बायकोला बी कळलं न्हाय. तिला वाटतंय आजारच तसला हाय." त्यांनी कागदाची घडी घातली. "तिची गोळी बदला. डिसेंबरचं कार्ड कोरं धरा. मागची बी कोरी धरा."

मग त्यांनी फळ्याजवळ जाऊन हातानं शून्य पुसलं आणि खडूनं सत्त्याण्णव लिहिलं. नऊ त्यांचा नेहमी उलटा व्हायचा, तसाच झाला. कुणी हसलं नाही.

डॉक्टर इंगवले तापट होते, पण लबाड नव्हते. मंगळवारी त्यांनी बायडाबाईला दवाखान्याच्या गाडीनं आणवलं, स्वतः तपासलं आणि त्याच दिवशी जुन्या औषधावर घातलं. उरलेल्या तेरा जणींकडं आमच्या नर्स कुलसुमबी गेल्या आणि सासवांना बाहेर बसवून विचारून आल्या. त्यातल्या आठ जणींना पिवळ्या गोळीनं चक्कर आणि उलट्या होत होत्या.

मागच्या कार्डांचं काय करायचं हा प्रश्न राहिला. डॉक्टर म्हणाले, आता जे कळलंय तेच मागंही लिहून टाकू. मी नाही म्हटलं. ऑगस्टमध्ये ती बाई कशी होती ते ऑगस्टमध्येच विचारायला हवं होतं. आता आपण काहीही लिहिलं तरी ते आपलं असणार, तिचं नाही. कोरं ते कोरं ठेवायचं आणि शेजारी कारण लिहायचं. का कोरं आहे हीसुद्धा माहितीच आहे. आळशी गुंडू खोतांनी 'माहेरी गेली' लिहिलं होतं, त्यातून मला जेवढं कळलं तेवढं सत्त्याण्णव भरलेल्या कार्डांतून कळलं नव्हतं.

कुतुबभाई ह्या कानाचं त्या कानाला कळू न देता एक दिवस खोतांच्या टेबलापाशी जाऊन बसले. "गुंडू, तुझंच बरोबर हुतं."

"बरोबर कसलं," खोत म्हणाले. "मी उन्हाचा कंटाळा करत हुतो."

अहवाल दोन प्रकारे मांडला. एकदा कोऱ्या कार्डांची माणसं बरी होती असं धरून, एकदा ती बायडाबाईसारखी होती असं धरून. पहिल्या मांडणीत पिवळी गोळी पास होत होती, दुसरीत सपशेल नापास. खरं कुठंतरी मध्ये होतं आणि ते आम्हाला आता कधीच सापडणार नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही रकाने ठेवले. सरसकट सगळ्यांना गोळी द्यावी ही शिफारस मात्र काढून टाकली. सही करताना त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. एप्रिलमध्ये मुख्य भेटवाले गुंडू खोत झाले. ह्यावर चाँदबी महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत असं ऐकलं.

मार्चअखेर बायडाबाई केरबाबरोबर दवाखान्यात आली. आता ती सासरी परत आली होती. स्टँडपासून चालत आली होती आणि धापही लागली नव्हती. गालावर रंग आला होता. कुलसुमबी रजेवर होत्या, म्हणून मी कुतुबभाईंना म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनी केरबाला बाहेर बाकावर बसवलं. बायडाबाईसमोर खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघून कार्ड सुरू केलं.

भूक, तीन. झोप, तीन. चक्कर अजिबात नाही. घागर उचलते, दोन-दोन उचलते. एकेक आकडा ते लिहीत गेले. त्यांचा चेहरा खुलत होता आणि मलाही आवरत नव्हतं. शेवटचा प्रश्न आला.

"पोर सांभाळता येतंय?"

तिनं खाली बघितलं. मग म्हणाली, "मला येतंय की. त्योच येत न्हाय माझ्याकडं. घेतला की रडतोय. आत्तीला आई म्हणतोय."

सासूला ती आत्ती म्हणायची. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "हुईल हळूहळू," ती आपली आपणच म्हणाली.

कुतुबभाईंची पेन्सील कार्डावर थांबली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, हितं किती घालू?"

प्रत्येक रिकाम्या चौकटीसाठी माझ्याकडं काहीतरी नियम असायचा. ह्या चौकटीसाठी नव्हता. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

त्यांनी आकडा घातला नाही. चौकट कोरी ठेवली आणि शेजारी, जिथं कारण लिहायचं असतं तिथं, सावकाश अक्षर काढत लिहिलं : पाच महिने मी हिला विचारलं नाही. खाली तारीख घातली आणि सही केली.